ठोसा मारण्यापूर्वी वाचा

ग्लोव्ह्ज घेतले? छान. हँडरॅप, माउथगार्ड, उड्या मारायची दोरी? तेही घेतलंत, उत्तम. आता हे सगळं एका पिशवीत भरा आणि पिशवी खाटेखाली सरकवा. तिची गरज अगदी शेवटी लागते, आणि तीही नऊ मिनिटं. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. ऑलिंपिक बॉक्सिंगमध्ये ठोशांच्या वाट्याला येतं ते एवढंच. उरलेली चार वर्षं तुमची गाठ ज्यांच्याशी आहे त्यांच्या हातात ग्लोव्ह्ज नसतात. कुणाच्या हातात फाइल असते, कुणाच्या हातात वजनाची वही, आणि रिंगभोवती खुर्च्या टाकून बसलेल्या पाच जणांच्या हाताशी एक यंत्र.

तुमचे सर हे सांगणार नाहीत. भाबडे गृहस्थ ते. पहाटे पाचला उठवतात, धावायला लावतात, ‘गार्ड वर घे, हनुवटी खाली’ म्हणून ओरडतात. जो जास्त आणि स्वच्छ ठोसे मारतो तो जिंकतो, अशी त्यांची समजूत आहे. त्यांच्या पाया पडा, वाद घालू नका आणि पुढच्या पायऱ्या त्यांच्या पश्चात वाचा.

पायरी १. स्वतःच्या वजनात लढू नका

नवशिक्यांची ही हमखास चूक. काट्यावर चढतात, आकडा दिसतो आणि त्यालाच आपला गट समजून बसतात. अहो, तो तुमच्या देहाचा आकडा झाला. ऑलिंपिकचा आकडा वेगळा असतो, आणि तो दर चार वर्षांनी हलवून ठेवण्याची प्रथा आहे.

मार्च २०२३ मध्ये दिल्लीत महिलांची जागतिक स्पर्धा झाली. भारताला चार सुवर्णपदकं: नीतू घंघास ४८ किलो, निखत झरीन ५० किलो, लवलिना बोर्गोहाईं ७५ किलो, स्वीटी बुरा ८१ किलो. चौघींसाठी तेच राष्ट्रगीत वाजलं. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये मात्र महिलांचे सहाच गट होते. ते ५० ला सुरू होत आणि ७५ ला संपत. म्हणजे चार जगज्जेत्यांपैकी दोघी वजनासकट बाद. एकीला दोन किलो कमी पडले, दुसरीला सहा किलो जास्त झाले. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडमधल्या किएल्त्से इथे युवा जागतिक स्पर्धा जिंकली, ८१ किलोच्या वरच्या गटात. त्या गटाला ऑलिंपिकमध्ये दारच नाही. पण हारतुऱ्यांच्या दिवशी असलं काही काढू नये, असा आपला शिष्टाचार आहे.

अमित पंघालकडून शिका. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्याने ४९ किलोत सुवर्ण जिंकलं. टोकियोत पुरुषांचा सर्वांत हलका गट ५२ चा. मग तो तीन किलो चढला. पॅरिसला तोच गट ५१ वर आला. मग एक किलो उतरला. लवलिनाने टोकियोत ६९ किलोत कांस्य जिंकलं, तर पॅरिसमध्ये ६९ गायब. एक तर ६६ नाही तर ७५. मेरी कोम ४८ पर्यंतच्या गटात जगज्जेतेपदं गोळा करत होती, आणि महिलांसाठी ऑलिंपिकचं दार २०१२ मध्ये प्रथमच उघडलं ते ५१ वर. ती खाऊन-पिऊन वर गेली आणि कांस्य घेऊन आली.

कारण विचाराल तर ते रास्त आहे. लंडनला पुरुषांचे दहा गट आणि महिलांचे तीन होते. पॅरिसला सात आणि सहा. लॉस एंजेलिसला सात-सात असतील. महिलांना गट मिळाले ते उशिराच मिळाले. फक्त एकूण बॉक्सर वाढवायचे नाहीत असंही ठरलेलं असल्यामुळे (पॅरिसला सगळे मिळून २४८) हा हिशेब अखेर कुणाच्या तरी पोटातून वळता होतो. तो तुमच्या पोटातून होईल असं धरून चाला.

कृती सोपी आहे. लढतीच्या दिवशी सकाळी वजन करतात. आदल्या रात्री जेवू नका, पाणी पिऊ नका, दोन स्वेटर चढवून धावा. आई फोनवर विचारेल, जेवलास का रे? हो म्हणा.

पायरी २. आपला महासंघ जिवंत आहे ना, पाहा

रोज पाहा, दात घासण्याआधी. डिसेंबर २०१२ मध्ये निवडणुकीतल्या घोळापायी जागतिक संघटनेने भारतीय महासंघाला निलंबित केलं. मग ‘बॉक्सिंग इंडिया’ आली आणि थोडक्यात आटोपली. मग हंगामी समिती. मग सप्टेंबर २०१६ मध्ये ‘बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडिया’, म्हणजे रिओ ऑलिंपिकचा मांडव उठल्यावर. मधल्या काळात आपल्या मुलांनी काय केलं? सराव केला, बिचाऱ्यांनी. लंडनला आपले आठ बॉक्सर होते, रिओला तीन.

तुम्ही म्हणाल, निलंबित करणारे तरी खंबीर असतील. होते ना, २०१९ मध्ये ऑलिंपिक समितीने त्यांनाच निलंबित केलं आणि २०२३ मध्ये त्यांची मान्यताच काढून घेतली. टोकियोचं बॉक्सिंग एका कृतिदलाने भरवलं, ज्याचे प्रमुख होते जिम्नॅस्टिक्सच्या जागतिक महासंघाचे अध्यक्ष. निदान कोलांट्या उड्यांचा अनुभव असलेला माणूस निवडला, हे मान्य करायला हवं. पॅरिसचं ऑलिंपिक समितीने स्वतःच उरकलं. २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी डिसेंबर २०२१ मध्ये खेळांची जी पहिली यादी ठरली, तीत बॉक्सिंग नव्हतंच. ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ ही नवी संघटना २०२३ मध्ये निघाली, भारत २०२४ मध्ये तिच्यात शिरला, फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला तात्पुरती मान्यता मिळाली आणि मार्चमध्ये खेळ यादीत परत आला. तीन वर्षांहून अधिक काळ जगभरातली मुलं अशा स्पर्धेसाठी घाम गाळत होती, जी होणार की नाही हेच ठरलं नव्हतं. असा निष्काम कर्मयोग दुसऱ्या कुठल्या खेळात नाही.

पायरी ३. कॉर्नरमध्ये वकील ठेवा

पाण्याची बाटली, टॉवेल, बर्फ आणि वकील. पहिल्या तीन वस्तू कुठेही मिळतात. वकील दिल्ली उच्च न्यायालयातला बघा.

दोघांमध्ये चांगला कोण, हे ठरवायला दोघांना रिंगमध्ये सोडावं असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमचं शिक्षण अजून व्हायचंय. २०१९ मध्ये मेरी कोमला निवड चाचणीशिवाय ऑलिंपिक पात्रता स्पर्धेला पाठवायचं घाटत होतं. त्याच गटातल्या निखतने एवढंच म्हटलं, की आमची एक लढत तरी होऊ द्या. त्यासाठी तिला थेट केंद्रीय क्रीडामंत्र्यांना जाहीर पत्र लिहावं लागलं. अखेर डिसेंबरात दिल्लीत लढत झाली, मेरी ९-१ ने जिंकली आणि तिने हात मिळवायला नकार दिला. निखत नंतर दोनदा जगज्जेती झाली. तिचं कौतुक करताना ठोशांचं करतात. माझ्या मते पत्रलेखनाचंही करावं. क्रीडा प्रबोधिन्यांच्या अभ्यासक्रमात औपचारिक पत्राचा एक तास हवा.

पुढे महासंघाला लढतींचाच कंटाळा आला. २०२३ मध्ये मूल्यमापन पद्धत आली: शिबिरात काही आठवडे मुलांना निरखायचं, निरनिराळ्या निकषांवर गुण द्यायचे आणि बेरीज करून नाव काढायचं. बॉक्सिंगमधून बॉक्सिंग वजा करण्याचा हा प्रयोग मला फार धाडसी वाटतो. ५१ किलोत बेरीज दीपक भोरियाच्या बाजूने लागली. अमित पंघाल आणि आणखी दोघे उच्च न्यायालयात गेले. तरीही हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेला दीपकच गेला. तो गुणी मुलगा, त्याच वर्षी जागतिक कांस्य मिळवलेला. तिथे त्याला जपानचा जगज्जेता आडवा आला. पुढच्या पात्रता स्पर्धेतही त्याला जागा मिळाली नाही. मग अखेरच्या संधीला, बँकॉकला, अमितला पाठवलं आणि त्याने जागा आणली. पॅरिसमध्ये तो पहिल्याच लढतीत हरला. दोन चांगले बॉक्सर, एक जागा, दोन वर्षं. आणि यातलं कोण सरस हे त्यांना एकमेकांसमोर उभं करून कळलं असतं, ही शंका ज्याची त्याने मनात ठेवावी.

पायरी ४. कोटा मिळवा. मग तो सांभाळा

हांगझोऊ, बुस्टो आर्सिझिओ, बँकॉक. पॅरिसला जायचा रस्ता भारतीयांसाठी या तीन गावांतून होता. दुसरं गाव इटलीत आहे, ते लक्षात ठेवायला अवघड आणि विसरायला त्याहून अवघड. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये आपला चमू तिथून एकही जागा न घेता परतला. निशांत देव एका विजयाने अडला. परदेशातून आणलेल्या हाय परफॉर्मन्स डायरेक्टरने राजीनामा दिला, जी त्या दौऱ्यातली सर्वांत चपळ हालचाल म्हणावी लागेल.

पात्रता स्पर्धेचा स्वभाव समजून घ्या. तिथे पदकासाठी कोणी लढत नाही. ठरावीक फेरी जिंकली की जागा मिळते आणि विषय संपतो. त्यामुळे तुमच्या आयुष्यातली सर्वांत मोठी लढत दुपारी अडीचला, अर्ध्या रिकाम्या सभागृहात होण्याची मानसिक तयारी ठेवा.

जागा मिळाली तरी नाचू नका. परवीन हुड्डाने हांगझोऊला कांस्यपदकासह ५७ किलोचा कोटा आणला. मग असं निघालं, की उत्तेजक चाचणीवाल्यांना आपला ठावठिकाणा कळवण्यात ती बारा महिन्यांत तीनदा चुकली. निलंबन झालं, जागा गेली. मग ६० किलोत लढणाऱ्या जास्मिन लांबोरियाला सांगितलं, ५७ मध्ये उतर. ती उतरली, बँकॉकहून जागा परत आणली, आणि २०२५ मध्ये लिव्हरपूलला त्याच ५७ किलोत जगज्जेती झाली. दोन मुली, तीन किलो आणि मोबाइलमधला एक अर्ज. तेव्हा रात्री कुठे झोपणार आहात ते आधी अर्जात भरा. घरच्यांना नंतर कळवलं तरी चालेल.

मुलींसाठी जादा सूचना: बाळंतपणाची तारीख धरण्यापूर्वी क्रमवारीचा कालावधी तपासा. टोकियोच्या वेळी कोरोनामुळे अमेरिका खंडांची पात्रता स्पर्धा रद्द झाली आणि जुन्या स्पर्धांतल्या क्रमवारीवरून जागा वाटल्या. कॅनडाची मँडी बुजोल्ड नेमक्या त्या दिवसांत गरोदरपण आणि बाळंतपणात होती, म्हणून तिचे गुण शून्य. तिला क्रीडा लवादापर्यंत जावं लागलं. ती जिंकली. (पायरी ३ पुन्हा वाचा.)

पायरी ५. पाच खुर्च्यांचा अभ्यास करा

आता खरं बॉक्सिंग सुरू होतं. पिशवी अजून खाटेखालीच राहू द्या.

पाठ्यपुस्तकातलं उदाहरण सोल १९८८ चं. लाइट मिडलवेटची अंतिम लढत. अमेरिकेच्या रॉय जोन्सने ८६ ठोसे लावले, यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनने ३२. निकाल ३-२ ने पार्कच्या बाजूने. पार्क स्वतः इतका गडबडला, की त्याने जोन्सलाच उचलून धरलं. मग जोन्सला स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट बॉक्सर म्हणून व्हॅल बार्कर करंडक देण्यात आला. म्हणजे सर्वोत्कृष्ट हा, आणि सुवर्ण त्याचं. यात विसंगती दिसत असेल तर डोळे तपासून घ्या. पुढे ऑलिंपिक समितीने चौकशी केली आणि १९९७ मध्ये सांगितलं, की लाचखोरीचा पुरावा मिळाला नाही. हे वाचून आनंद व्हायला हवा. तीन जजांनी कुणाचाही छदाम न घेता, निव्वळ स्वतःच्या डोळ्यांनी, ३२ हे ८६ पेक्षा मोठे पाहिले.

दोष माणसांत नाही, पद्धतीत आहे, असं ठरलं. (नेहमी असंच ठरतं, कारण पद्धतीला मेहुणे नसतात.) म्हणून यंत्र आलं. १९९२ च्या बार्सिलोनापासून पाच जजांसमोर लाल आणि निळं बटण. एका सेकंदाच्या आत तिघांनी तेच बटण दाबलं तर एक गुण. झालं असं, की पोटात, बरगडीत मारलेला ठोसा कुणाला दिसेना, लागोपाठ पाच मारले तर बोटं पुरेनात. मग जगभरच्या प्रशिक्षकांनी मुलांना शिकवलं: तोंडावर एक लांबचा, सुटा, ठसठशीत ठोसा लावा आणि पळा. वीस वर्षं बॉक्सिंग बोटांच्या वेगाने चाललं.

लंडननंतर, २०१३ मध्ये, बटणं गेली आणि व्यावसायिक बॉक्सिंगसारखे १०-९, १०-८ असे गुण आले. रिओला आणखी एक सुधारणा: गुण पाच जज देणार, पण त्यातल्या कोणत्या तिघांचे धरायचे ते संगणक आपल्या मनाने ठरवणार. अप्रामाणिक माणसाला वगळायचं नसेल तर निदान चिठ्ठी तरी टाकावी, हा विचार त्यामागे असावा. आयर्लंडचा मायकल कॉन्लन रशियाच्या व्लादिमीर निकितिनविरुद्ध हरला असं जाहीर झालं. विजेत्याचा चेहरा असा फुटला होता, की पुढची लढत त्याला खेळताच आली नाही. कझाकस्तानचा वासिली लेव्हिट अंतिम लढतीत ‘हरला’ तेव्हा प्रेक्षकांनी सुवर्णविजेत्याची हुर्यो उडवली. स्पर्धेनंतर चौकशी होईपर्यंत रिओतल्या सगळ्या ३६ रेफरी-जजांना बाजूला बसवण्यात आलं. एक-दोन नव्हेत, अख्खा वर्ग.

या पायरीचा गाभा मात्र पुढेच आहे. २०२१ मध्ये कॅनडाचे विधिज्ञ रिचर्ड मॅकलारेन यांचा चौकशी अहवाल आला. रिओत नऊ ते अकरा लढती संशयास्पद. कुणाला जिंकवायचं हे ठरावीक जजांना लढतीच्या दिवशी सकाळी कळवलं जाई. जे ऐकणार नाहीत असं वाटे, त्यांना त्या खुर्चीवर बसवतच नसत. आणि या साऱ्याचा सराव झाला कुठे? आधीच्या पात्रता स्पर्धांत. आता कळलं, पात्रता म्हणजे काय? तुम्ही तिथे पात्र ठरायला गेला होता, तेही गेले होते. त्यांची तयारी तुमच्यापेक्षा पक्की होती, कारण त्यांना निकाल सकाळीच ठाऊक असे.

सध्या पाचही जजांचे गुण धरतात. पुढची सुधारणा पुढच्या बोंबेनंतर.

पायरी ६. प्रतिस्पर्ध्याला सहा वेळा पाडा

पाच वेळा पाडून थांबू नका. लंडन २०१२, जपानचा सातोशी शिमिझू, समोर अझरबैजानचा बॉक्सर. तिसऱ्या फेरीत शिमिझूने त्याला सहा वेळा खाली पाडलं. तुर्कमेनिस्तानच्या रेफरीने दर वेळी गड्याला उठू दिलं, एकदाही आकडे मोजले नाहीत, हेडगार्ड नीट करून दिलं, आणि शेवटी त्याचाच हात वर केला, २२-१७. सहा हा आकडा मात्र जादूचा ठरला. जपानने तक्रार केली, निकाल फिरवला, रेफरीला घरी पाठवलं, शिमिझूला पुढे कांस्य मिळालं.

पायरी ७. अंकगणिताची शिकवणी लावा

टोकियो, जुलै २०२१. मेरी कोम विरुद्ध कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेन्सिया. पहिली फेरी व्हॅलेन्सियाला, ४-१. दुसरी मेरीला, ३-२. तिसरीही मेरीला, ३-२. तीनपैकी दोन फेऱ्या मेरीच्या. निकाल? व्हॅलेन्सिया, ३-२.

यात गैर काही नाही, हे मी गंभीरपणे सांगतोय. फेऱ्या मोजत नाहीत, जज मोजतात. प्रत्येक जजच्या तीन फेऱ्यांची बेरीज वेगळी, आणि ज्या तिघांच्या कागदावर तुम्ही पुढे, ते तीन तुमचे. दुसऱ्या फेरीत तुम्हाला पसंत करणारे तिघे आणि तिसऱ्या फेरीतले तिघे तेच नसतील तर सगळं मुसळ केरात. म्हणून सराव करताना रिंगभोवती पाच खुर्च्या मांडा, तीन निवडा, आणि नऊ मिनिटं त्याच तिघांना दिसेल अशा कोनातून मारा. उरलेल्या दोघांकडे पाठ केली तरी चालेल. प्रतिस्पर्धी मध्ये उभा असेल तर त्याला विनंती करून सरकवा.

अवघड वाटतं? वाटू द्या. पॅरिसमध्ये निशांत देव उपांत्यपूर्व फेरीत मेक्सिकोच्या मार्को व्हेर्देविरुद्ध १-४ ने हरला, तेव्हा विजेंदर सिंगने जाहीरपणे लिहिलं, की ही गुणपद्धत काय आहे ते मला कळत नाही. भारताला बॉक्सिंगमधलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून देणारा माणूस हा, बीजिंग २००८. त्याला कळत नाही म्हटल्यावर तुम्ही कशाला मनाला लावून घेता?

पायरी ८. हात वर करू नका

मेरीने केला होता. हसत बाहेर आली. आपण हरलो हे तिला नंतर समाजमाध्यमांवरून कळलं. त्यामुळे निकाल लागला की आधी मोबाइल बघा, मग चेहरा ठरवा. जर्सीही जादा ठेवा. तिला लढतीच्या तोंडावर ती बदलायला लावली होती.

पायरी ९. निषेध नोंदवा, पण रीतसर

अ. शुल्क भरून. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सरिता देवी कोरियाच्या पार्क जी-नाविरुद्ध ०-३ ने हरली असं सांगण्यात आलं, जे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना पटलं नाही. तक्रारीचं शुल्क ५०० डॉलर. ते तिथल्या तिथे उभं करावं लागलं. तक्रार फेटाळली. सरिताने पदक समारंभात आपलं कांस्य पार्कच्याच गळ्यात घातलं आणि वर्षभराचं निलंबन घेतलं. धडा: परदेशी जाताना आईने दिलेल्या चिवड्याबरोबर पाचशे डॉलर सुटे ठेवा. फेटाळायला तरी काही हवं ना त्यांना.

आ. ठिय्या देऊन. १९६४ च्या टोकियोत बाद ठरवलेला एक कोरियन बॉक्सर ५१ मिनिटं रिंगमध्ये बसून राहिला. १९८८ मध्ये सोलला ब्यून जोंग-इल ६७ मिनिटं बसला. अखेर संयोजकांनी दिवे घालवले. २०२१ मध्ये फ्रान्सचा मुराद अलिएव्ह रिंगच्या कडेवर अर्ध्या तासाहून जास्त बसला. तिघांचाही निकाल बदलला नाही. विक्रम मोडायचा असेल तर बरोबर सतरंजी आणि बॅटरी न्या.

इ. खाणाखुणांनी. कॉन्लनने रिओत जजांना दोन्ही हातांची मधली बोटं दाखवली. तीन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये त्याने व्यावसायिक लढतीत निकितिनला हरवलं, त्यामुळे त्याची बोटं तरी हलकी झाली.

ई. पायाने. कृपया नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतीनंतर हा प्रयोग आपल्याकडे कुस्तीत झाला आहे. तीन वर्षांची बंदी आली.

आणि जिंकलात तरी झोपू नका, कारण निषेध समोरचाही नोंदवतो. लंडनला विकास कृष्णन अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सविरुद्ध १३-११ ने जिंकला. काही तासांनी व्हिडिओ पाहून ठरलं, की त्याने तिसऱ्या फेरीत नऊ वेळा प्रतिस्पर्ध्याला धरलं होतं आणि आधी एकदा माउथगार्ड थुंकला होता. मग स्पेन्सला चार गुण, निकाल १५-१३. त्याच स्पर्धेत सुमित सांगवान ब्राझीलच्या बॉक्सरविरुद्ध १४-१५ ने हरला तेव्हा भारतानेही तक्रार केली होती. ती फेटाळली. सुमितच्या प्रतिस्पर्ध्याने कुणाला धरलं नसावं.

पायरी १०. पत्ता बदलू नका

एवढं करूनही पदक हुकलं तर घरी या, दूध प्या, झोपा. पदक येतं. २०२३ मध्ये पार्क सी-हुन कोरियाहून विमानाने अमेरिकेत, फ्लोरिडातल्या पेन्सकोलाला, रॉय जोन्सच्या गावी गेला आणि सोलचं ते सुवर्णपदक त्याच्या हातात ठेवून आला. अधिकृत नोंदवहीत विजेता अजूनही पार्कच आहे, कारण वहीवाले एवढ्या लवकर कुठे जात नाहीत. फक्त ३५ वर्षं लागली. या हिशेबाने पॅरिसमध्ये हुकलेलं काही असेल तर २०५९ च्या सुमाराला बेल वाजेल. रेशनकार्ड, आधार आणि सोसायटीच्या पाटीवरचं नाव एकच आहे ना, तेवढं आज बघून घ्या. चाचणीवाल्यांच्या अर्जातही तोच पत्ता टाका.